दुखतं म्हणायचं नाही

मोखाडा,
दि. ६ नोव्हेंबर

ती. कविताताईस,
धाकट्या पंकजचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जव्हारच्या जीपवाल्याने दुकानात आणून दिलं. तुमच्या पाड्यामागची टेकडी चढलं की आता मोबाइलला रेंज येते, तरी तू आपली कागदच काळे करतेस. हर्षदा हसते. म्हणते, नणंदबाईंचं पत्र आलं की तुम्ही झेरॉक्सचं मशीन बंद करून वाचत बसता आणि गिऱ्हाईक उभं राहतं.

तुझी लेक मजेत आहे. पावसाच्या तोंडाशी माझ्याकडे आली तेव्हा मैदानाला एक फेरी मारली की खाली बसायची. आता माझ्या पोलीस भरतीच्या बॅचमधल्या सगळ्या मुलींच्या पुढे असते. दिपेश आमचा सगळ्यात जोरात धावणारा पोरगा, तोसुद्धा तिला वळणावर मागे वळून बघतो. खाणं तेच, पाय तेच. मग हे कशाने झालं सांग बरं? मी दोनदा भरतीला उतरलो आणि दोनदा पडलो, कारण घरातून निघतानाच मी पडलेला असायचो. नाशिकच्या शिबिरात सरांनी हेच उलगडून सांगितलं. जे हवं ते मिळालंच आहे असं धरून चालायचं. प्राजूचा फोटो मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर खाकी वर्दीत बसवला आणि तिच्या अंथरुणासमोर भिंतीला लावला. रोज उठल्यावर ती त्याच्याकडे बघून म्हणते, मी पोलीस आहे. होणार असं नाही म्हणायचं. आहे, असंच म्हणायचं.

तू लिहिलंस की भाऊबीजेला आली तेव्हा डावा पाय जपून टाकत होती. ताई, रागावू नकोस, पण हीच तुझी सवय आहे. आमच्या घरात काही शब्द बंद केलेत. दुखतं म्हणायचं नाही, जमणार नाही म्हणायचं नाही, भीती वाटते म्हणायचं नाही. माणूस ज्याला भितो तेच त्याच्याकडे चालत येतं. आपल्यावर जे जे येतं ते आपणच कधीतरी मनातून बोलावलेलं असतं. आईची काळजीसुद्धा लेकराच्या पायात अडकते. तू डोळे मिटून तिला धावताना बघ, लंगडताना बघू नकोस.

मधुभावजींना आणि तुझ्या सासूबाईंना, रामीमावशींना, नमस्कार सांग. तुझी माया अशीच पाठीशी राहू दे.

तुझा,
पंकज

———

दाभोसा,
दि. १९ नोव्हेंबर

चि. पंकज यास,
ताईचे अ. उ. आ.

मी कागद का काळे करते ते ऐक. फोनवर तू तुझंच बोलतोस आणि मी हं हं करत राहते. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं.

आमचं भात झोडून झालं. नाचणी थोडी राहिली आहे. तुझ्या भावजींची कंबर धरली होती, पण तुझं पत्र आल्यापासून ते कंबर धरली असं म्हणत नाहीत. कंबर छान आहे म्हणतात आणि भिंतीला धरून उठतात.

मागच्या आठवड्यात सूर्यमाळला आईकडे जाऊन आले. गेल्या उन्हाळ्यात तू तिला सांगितलं होतंस ना, की टाकी भरलेली आहे असं मनात आण? ती म्हणाली, मनात आणून हांडा भरला असता तर मी या वयात झऱ्यावर कशाला उतरले असते. वर म्हणाली, पंक्याला म्हणावं एकदा माझ्याबरोबर उतर, मग वर येताना काय काय मनात येतं ते सांग. मी पोट धरून हसले. तू रागावू नकोस, तिचा तुझ्यावर जीव आहे.

आता प्राजूचं. तिच्या पायाचं मी उगाच लिहिलं नव्हतं. जव्हारला सरकारी दवाखान्यात एकदा दाखवून आण, एवढंच माझं म्हणणं होतं. पण तू लिहिलंस ते मी खूप वेळा वाचलं. माझ्या काळजीने तिचं काही बिघडायला नको. तिच्या बापाच्या घरात आजवर कोणाला पगाराची नोकरी लागलेली नाही, आणि तिच्या आड मीच यायची असले तर काय उपयोग. म्हणून आता मी पायाचं विचारणार नाही. मनातही आणणार नाही. प्रयत्न करते.

तुझं पत्र नेहमीसारखं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. तुझी पत्रं त्यांना आवडतात, तू समोर बसून बोलल्यासारखं लिहितोस म्हणतात. या वेळी मात्र ते भीतीचं वाक्य त्यांनी परत वाचायला लावलं. मग सुपातली नाचणी तशीच सोडून मागच्या दाराला जाऊन बसल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. पोट बरं नसेल.

हर्षदाला आशीर्वाद. पोरीला पोटभर घाल. बहिणीची आठवण येईल तेव्हा चार ओळी टाकत जा.

तुझी,
ताई

———

मोखाडा,
दि. १४ जानेवारी

ती. आईस,
प्राजूचा शि. सा. न.

संक्रांतीचा गूळ पोचला. तीळ मामीने घातले. मी अगदी मजेत आहे. मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात पालघरला आहे. मामा म्हणतो माझी निवड झालेलीच आहे, फक्त कागदावर यायची राहिली आहे. सकाळी धावते, मग दुकानात मामाला मदत करते, दुपारी लेखी परीक्षेचा अभ्यास. गोळाफेकही आता चांगली जमते. गोदी म्हणून माझी एक मैत्रीण झाली आहे, ती खोडाळ्याकडची आहे. ती फार चुका काढते स्वतःच्या, म्हणून मामा तिला ओरडतो.

मामा दुकानात गेला की मामी मिठाच्या गरम पाण्याने माझी नडगी शेकते. विशेष काही नाही, धावणाऱ्या सगळ्यांचेच पाय शेकावे लागतात. तू हे मामाला लिहू नकोस. तो आमच्यासाठी एवढं करतो, त्याला वाटेल माझा विश्वास कमी पडतोय. आणि तूही याचा विचार करू नकोस हं आई, मामाने तुला सांगितलंय ना.

बाबांना आणि आजीला नमस्कार. आजी का बोलत नाही असं तू लिहिलं होतंस. तिला म्हणावं, नात वर्दी घालून येईल तेव्हा तरी बोलशील ना.

तुझ्या कुशीतली,
प्राजक्ता

———

मोखाडा,
दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी भावजींना एवढंच सांगितलं की पाय मोडला, पालघरला या. तुझ्याशी बोलायला धीर झाला नाही. काल भावजी प्राजूला घेऊन गेले तेव्हा मी जीपच्या दारात उभा होतो. ते मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

झालं ते सगळं लिहितो. तुला प्राजू सांगेल, पण ती मला सांभाळून सांगेल, म्हणून मीच लिहितो.

आठशे मीटरला ती सुरुवातीला पुढे होती. मी जाळीच्या बाहेरून बघत होतो. पहिली फेरी चांगली गेली. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचं पाऊल वाकडं पडलं, तरी ती धावली. मी जाळीला धरून ओरडत होतो की तू पोलीस आहेस, तू पोलीस आहेस. तिने माझ्याकडे बघितलं आणि जोर लावला, आणि ती पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही. शेजारी उभ्या असलेल्या बाईने ऐकला म्हणे.

दवाखान्यात पायाचा एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, नडगीच्या हाडाला आधीपासून बारीक चीर होती, ती आज पुरी गेली. त्यांनी प्राजूला विचारलं की कधीपासून दुखत होतं. ताई, तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, आजच. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, आजच. तेव्हा हर्षदा रडायला लागली आणि तिने सांगितलं की पाय दिवाळीपासून दुखत होता, आणि मी घराबाहेर पडलो की त्या दोघी पाणी गरम करायच्या. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच विश्रांती दिली असती तर एवढं झालं नसतं. माझ्या घरात दुखणं माझ्यापासून लपवून शेकलं जात होतं.

पण त्याहून वाईट पुढेच आहे. प्लास्टर घातल्यावर तिने मला जवळ बोलावलं आणि माझी माफी मागितली. म्हणाली, मामा, सकाळी रांगेत उभी असताना एकदा माझ्या मनात आलं की पाय टिकणार नाही. एकदाच आलं, मी लगेच घालवलं, पण त्यानेच झालं. तुझी मेहनत माझ्यामुळे वाया गेली.

मी तिला नाही म्हणालो का, तेही आठवत नाही. बाहेर येऊन पायरीवर बसलो. आज मैदानावर गेलो तर दिपेश बाकीच्यांना सांगत होता की प्राजू मनातून कमी पडली. तो वाईट पोरगा नाही. मी शिकवलं तेच तो बोलत होता. मी तसाच घरी परत आलो. दुकान बंद आहे. भिंतीवरचा फोटो हर्षदाने काढून ठेवला, मला विचारलंसुद्धा नाही.

तू मला काय म्हणशील ते मला आत्ताच ऐकू येतंय. म्हण. मी तुमच्याकडे यायला हवं, पण तुझ्या उंबऱ्याशी कोणत्या तोंडाने उभा राहू ते कळत नाही.

तरीही तुझाच,
पंकज

———

दाभोसा,
दि. २२ फेब्रुवारी

चि. पंकज यास,
आशीर्वाद.

तुझ्या भावजींनी जीपपासून घरापर्यंतचा चढ लेकीला पाठीवर घेऊन चढला. तीच कंबर. ओटीवर तिला उतरवलं आणि गोठ्यात जाऊन बसले. मी बोलवायला गेले नाही.

तुला शिव्या द्यायच्या म्हणून कागद घेतला होता. दोन वेळा लिहून फाडला. कारण मी काय लिहू? प्राजूचं जानेवारीतलं पत्र माझ्या पेटीत आहे. त्यात शेकण्याचं लिहिलेलं होतं. मी वाचलं आणि मला कळलं, पंकज. आईला कळत नाही असं होत नाही. मी एक जीप पकडून येऊन तिला ओढत दवाखान्यात नेऊ शकले असते. मी आले नाही. मला वाटलं, मी भ्याले तर तिचं वाईट होईल. माझ्या जन्मात पहिल्यांदा मी पोरीची काळजी करायची थांबले, आणि नेमकी तेव्हाच करायला हवी होती. म्हणून तुला एकट्याला शिव्या देता येत नाहीत. याचाही मला राग येतो.

पण एक गोष्ट तुझी एकट्याची आहे. ती सांगते.

सासूबाई वावर गावच्या, हे तुला ठाऊक आहे. ज्या साली तिकडे भुकेने बारकी पोरं गेली, त्या साली त्यांचा धाकटा पांड्या गेला. तो आजारी पडला तेव्हा त्या त्याला घेऊन माहेरी होत्या. एवढंच मला ठाऊक होतं. लग्न होऊन आल्यापासून त्यांच्या तोंडून मी त्याचं नाव ऐकलेलं नाही. तुझं नोव्हेंबरचं पत्र वाचल्यापासून त्या घरात असून नसल्यासारख्या होत्या. काल प्राजूच्या प्लास्टरवर हात ठेवून बसल्या होत्या आणि मला म्हणाल्या, मी रोज भ्यायचे. पोराचा हात बारीक होताना बघायचे आणि रोज मनात यायचं की हा जाणार. मग तुझा भाऊ लिहितो ते खरं, मीच त्याचं मरण बोलावलं.

तीन महिने त्या हे मनात घेऊन नाचणी पाखडत होत्या, आणि ते वाक्य मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं.

मी त्यांना सांगितलं की तसं नसतं. पण माझ्या सांगण्याने त्यांचं समाधान झालं नाही. त्या म्हणाल्या, तुझा भाऊ शिकलेला आहे, त्याने विचार करूनच लिहिलं असणार.

तेव्हा तू ये. माझ्या उंबऱ्याची लाज वाटते तर वाटू दे. लाज घेऊनच ये. पत्र पाठवू नकोस, त्यांना आता तुझं पत्र वाचून दाखवणार नाही.

ताई

———

दाभोसा,
दि. ८ मार्च

ती. मामास,
प्राजूचा नमस्कार.

शिमग्याला तू येऊन गेलास त्यानंतरचं लिहिते, कारण तू थांबला नाहीस.

तू आजीसमोर जमिनीवर बसलास आणि आईने दिलेलं पाणीही आधी घेतलं नाहीस, हे आजी सगळ्यांना सांगते. तू तिला म्हणालास की मी लिहिलं ते खोटं होतं, मला काही कळत नव्हतं, लेकरू आजारी असताना आई भिणारच. पोटाला नव्हतं म्हणून तो गेला, तुझ्या मनात काय आलं त्याने गेला नाही. तेव्हा आजी तुला काही बोलली नाही आणि तू खाली मान घालून निघून गेलास. तुला वाटलं असेल तिने माफ केलं नाही.

तू गेल्यावर तिने आईला विचारलं की पंकज हे माझं मन राखायला बोलला का खरंच बोलला. आई म्हणाली, तो मन राखायला कधी बोलत नाही, तेवढी अक्कल त्याला नाही. त्यावर आजी हसली. मामा, नोव्हेंबरनंतर ती पहिल्यांदा हसली असं आई म्हणते. आणि मग ती पांड्याकाकाबद्दल बोलायला लागली. त्याला नाचणीची आंबील आवडायची, वाडगं चाटायचा. बाबांच्या पाठीवर बसायचा आणि खाली उतरवलं की चावायचा. बाबा म्हणाले, चावायचा खरा, मला आठवतंय. बाबा आणि आजी असं त्याच्याबद्दल बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. आम्ही सगळे तिथेच जेवलो.

आता माझं. तू माझ्यापाशी आलास तेव्हा फार रडलास, त्यामुळे मला बोलता आलं नाही. मला तुझा राग आलेला आहे. आधी आला नव्हता, आता येतो. पाय शेकताना मला मामीची भीती वाटायची नाही, तुझी वाटायची. तू दुष्ट नाहीस तरी वाटायची. कधी तरी दुपारी पडल्या पडल्या मनात येतं की पाय वाकडा बसला तर, आणि लगेच दचकते, की आला विचार, आता तसंच होणार. हे कधी जाईल ते मला ठाऊक नाही.

पण तुझं सगळंच खोटं होतं असंही मला म्हणवत नाही. तू पहिली येशील असं मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. तू सांगितलंस म्हणून मी पावसाळ्यात दुसरी फेरी धावले, नाहीतर पहिलीनंतर बसलेच होते. तुझं बोलणं पायांनी ऐकलं, हाडाने ऐकलं नाही. मग ते खरं का खोटं, ते तू मला नीट सांग. तू शिकवलंस, तूच सांगायला हवं.

मामीला माझी आठवण सांग. माझ्यावरचा जीव काढून घेऊ नकोस, मीही काढलेला नाही.

प्राजक्ता

———

मोखाडा,
दि. २१ मार्च

चि. प्राजू हिस,
मामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र हर्षदाने आणि मी बरोबर बसून वाचलं. राग आहे तो असू दे. मला बरं वाटावं म्हणून तो आवरू नकोस.

तू विचारलंस त्याचं उत्तर शिबिरातल्या सरांसारखं मला देता येणार नाही. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. तुला जमेल असं मी म्हणालो, ते म्हणायलाच हवं होतं, आणि उद्या कोणाला म्हणायची वेळ आली तर पुन्हा म्हणेन. पण त्याच्याबरोबर तुझं तोंड मी बंद केलं. जमलं तर माझ्या शिकवणीने आणि नाही जमलं तर तुझ्या मनाने, असं मी मांडून ठेवलं होतं. त्यात मी कधीच चुकू शकत नव्हतो. मला ते फार आवडायचं, प्राजू. दोनदा पडलेल्या माणसाला ते आवडतं.

पालघरहून आल्यावर एकदा गेलो, त्यानंतर मी मैदानावर जात नव्हतो. पोरं आपली आपण धावत होती. परवा गेलो. सगळ्यांना खाली बसवलं आणि तुझ्या पायाचं काय झालं ते सांगितलं. चीर आधीपासून होती, आणि मी दुखतं म्हणू दिलं नाही म्हणून ती वाढली, हे सांगितलं. हे सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. तू मनातून कमी पडली नाहीस, हे मात्र दिपेशकडे बघून सांगितलं. त्याची मान खाली गेली. मग म्हणालो, आता ज्याला जिथे दुखतंय त्याने सांगावं.

पोरं खाली बघत गवत उपटत बसली. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधीच खरं बोलणार नाहीत. मग गोदीने हात वर केला. तिचा गुडघा पावसाळ्यापासून सुजतो म्हणे. ज्या गोदीला मी रडकी म्हणून ओरडायचो, ती. मग मागून एक म्हणाला की टाच दुखते. एकाला धावताना छातीत कळ येते आणि तो घरी सांगत नाही. एक मुलगी म्हणाली की दुखत काही नाही, पण पोटात काही नसतं, सकाळी घरात चूलच पेटलेली नसते. दिपेश शेवटी बोलला. त्याच्या कमरेत चमक भरते आणि मी जवळ असलो की तो हसत धावतो.

एवढी पोरं रोज माझ्यासमोर धावत होती आणि मला वाटायचं माझी बॅच जिल्ह्यात सगळ्यात निरोगी आहे.

त्या दिवशी कोणी धावलं नाही. छातीत कळ येणाऱ्याला मी लगेच दवाखान्यात घेऊन गेलो. गोदीला काल नेलं. बाकीच्यांना एकेक करून नेतो आहे. बॅच ठेवायची का मोडायची ते अजून ठरवलेलं नाही. पोरं ठेवा म्हणतात. तू काय म्हणतेस ते कळव.

आणि पाय कसा आहे, ते लिही. मला बरं वाटेल असं लिहू नकोस. आहे तसं लिही.

तुझाच,
पंकजमामा

———

दाभोसा,
दि. २ एप्रिल

ती. मामास,
नमस्कार.

पाय दुखतो. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. काल कुबडी घेऊन विहिरीच्या वाटेला गेले तर अर्ध्यातून परत यावं लागलं आणि मी वाटेतच बसून रडले. पुढच्या भरतीला उतरेन का, ते आज सांगता येत नाही. भीती वाटते.

बॅच मोडू नकोस.

प्राजू